आक्काच्या गावाला, इन्सुलिन घेऊन

आक्काच्या गावाला तुम्ही कशाला जाल? सिल्लोडच्या पुढं मक्याच्या आणि कापसाच्या रानातनं आत वळणारी एक वाट आहे, तिच्या टोकाला ते गाव. तिथं लेणी नाहीत, किल्ला नाही, सांगण्यासारखी जत्राही नाही. वैशाखात तर खाली भेगाळलेली काळी जमीन आणि वर पांढरं आभाळ, एवढंच. मीही हौसेनं गेले नव्हते. पण परत आल्यापासून डोक्यातनं ते जात नाही. आणि माझ्यासारख्या सुई टोचून घेणाऱ्या कितीतरी बाया भर उन्हाळ्यात लग्नाला, मयताला, आजाऱ्याला भेटायला अशाच पिशवी उचलून निघतात. त्यांनी तरी वाचावं म्हणून बसले लिहायला.

बजाजनगर

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणीफणी तिनंच केली, मला शाळेत तिनंच घातलं आणि चौथीनंतर काढलंही तिनंच, कारण मग तिचं लग्न झालं आणि घरात भाकरी टाकायला दुसरं कोणी उरलं नाही. तिच्या मुलाचा, भास्करचा रात्री फोन आला. म्हणाला, मावशी, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, यायचं तर आता या.

मी वाळूजला कामाला असलेल्या लेकाकडं बजाजनगरात राहते. लेक पहिल्या पाळीला गेलेला. सूनबाई म्हणाली, रविवारपर्यंत थांबा, गाडीनं सोडतील. मला थांबवेना.

मला साखर आहे, जुनी. गोळ्यांनी भागेना तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिनची सुई. एकदा पाहुण्यांच्या लग्नात दोन दिवस सुई चुकली तर मला शुद्ध नसताना आणून दवाखान्यात घातलं होतं. तेव्हापासून घरात माझ्या बाटलीला माझ्यापेक्षा जास्त मान. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात तिची जागा ठरलेली. वर बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, कारण एकदा गोठलं की ते औषध मेलं. पुन्हा पातळ झालं तरी त्यात काही राहत नाही. आणि ऊन लागलं तरी तेच. थंडीच्या दिवसांत फोडलेली बाटली महिनाभर फळीवर राहिली तरी चालते, पण आमच्याकडच्या वैशाखात फळी म्हणजे तवा.

म्हणून थर्मास भरला. रुंद तोंडाचा. तळाला पिशवीत बांधलेला बर्फ, वर टॉवेलची जाड घडी, तिच्यावर फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा छोटा डबा, आणि डब्यात कापसात बाटली. बर्फ बाटलीला लागता कामा नये, नुसता गारवा लागला पाहिजे. सुया माझ्या पर्समध्ये. सूनबाईनं दुसरी बाटली पुढं केली. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम, हीच भरलेली आहे अर्धी. तिनं ती परत फ्रीजमध्ये ठेवली.

जळगाव रोड

बसमध्ये कंडक्टरनं पुढची शिट दाखवली. "आजी, इथं बसा, मोकळी हाय." ती मोकळी का होती ते मला ठाऊक. खाली इंजिन, चप्पल घालूनसुद्धा पाय भाजतात. मी मागं गेले, उन्हाच्या उलट्या बाजूला, आणि थर्मास मांडीवर घेतला. वर सामानाच्या फळीवर ठेवायचा नाही, तिथं टपाची सगळी धग उतरते.

हर्सूल सुटलं, चौक्याचा घाट चढला. या रस्त्याला पूर्वी दोन्ही बाजूंनी वड होते, कमान धरल्यासारखे. मी लग्न होऊन आले तेव्हा बैलगाड्या त्यांच्या सावलीत सोडायचे. रस्ता रुंद करताना ते सगळे गेले. आता रस्ता चांगला आहे, बस भरकन जाते, आणि फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंत डोळ्याला सावली म्हणून दिसत नाही.

फुलंब्रीला एक बाई चढली, कडेला तान्हं. पोर रडून रडून दमलेलं. तिनं माझ्या मांडीकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "थर्मासात गार पाणी आसंल तर घोटभर द्या की, मावशी." मी सांगितलं, पाणी नाही गं, औषध आहे. तिला ते खरं वाटलं नाही. दिसतंच ना तोंडावर. मग मी झाकण उघडून दाखवलं. तिनं आत डोकावलं, टॉवेल बघितला, डबा बघितला, आणि म्हणाली, "आमच्या सासूला बी हेच होतं. ती उशाखाली ठेवायची बाटली." मी विचारलं, मग आता कशी आहे? ती म्हणाली, नाय राहिली. माझ्या पिशवीत साध्या पाण्याची बाटली होती, कोमट, ती तिला दिली.

सिल्लोडला भास्कर मोटारसायकल घेऊन आला होता. तिथून पुढं मी त्याच्या मागं, थर्मास आमच्या दोघांच्या मधे.

आक्काचं गाव

दारात भास्करची बायको मंदा भेटली. पाया पडली आणि पहिलंच वाक्य, "मावशी, परवाच्या वादळात खांब पडलाय. लाईट नाय. फ्रीज नुसतं कपाट झालंय."

आक्का ओसरीवर बाजेवर होती. पोटात पाणी झालेलं, हातपाय काड्या. मला बघून हसली. मी जवळ बसले तर म्हणाली, "लई उशीर केलास." मी म्हटलं, कालच फोन आला गं. ती म्हणाली, "कालचं नाय म्हणत मी." तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. सात-आठ वर्षं मी त्या घरी गेले नव्हते. काही भांडण नव्हतं. गुडघे, नातवंडं, साखर, हेच.

बर्फाचं पाणी झालं होतं. मंदानं सगळ्या घरात नजर फिरवली आणि न्हाणीजवळचा एक जुना माठ आणला. त्यात निम्मं पाणी भरलं, माझा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिशवीचं तोंड दोऱ्यानं आवळून आत तरंगत सोडला. माठाला बाहेरून ओलं पोतं. न्हाणीशेजारच्या सावलीच्या कोपऱ्यात, वारा येईल असा ठेवला. मी हात घालून बघितला, चांगला गार होता. फ्रीज नसेल तिथं ही रीत खरोखर कामाची आहे. डब्यात पाणी शिरू द्यायचं नाही आणि पोतं वाळू द्यायचं नाही, एवढं सांभाळायचं.

संध्याकाळी मी सुई घ्यायला उठणार तर आक्कानं हात धरून ठेवला. मंदानं पिठलं-भाकरी केली होती, पण कोणी ताटावर बसलं नाही. जेवण नाही तर सुई घेता येत नाही, साखर खाली जाऊन माणूस घामाघूम होऊन पडतं. म्हणून ती सुई राहिली. सकाळी घेऊ म्हटलं.

सकाळी उजाडताना आक्कानं पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. पहिला चमचा आत गेला. दुसरा ओठाच्या कडेनं बाहेर आला.

त्याच दिवशी

भावकीतल्या बाया आल्या. त्यात गयाकाकू पुढं. गावातलं प्रत्येक मयत तिच्या हाताखालनं जातं म्हणतात, आणि ती होती म्हणून सगळं धड झालं, हे मी आधीच सांगते. तिला बोल लावायला मी लिहीत नाही.

आमच्या बजाजनगरात कोणी गेलं तर शववाहिका येते, पाळीवरची माणसं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून येतात आणि दुपारी परत कामावर जातात. गच्चीवरची टाकी कोणी रिकामी करत नाही. गावात तसं नाही. मयत झालेल्या घरातलं भरलेलं पाणी ठेवत नाहीत, शिजलेलं ठेवत नाहीत. हंडे, कळश्या, रांजण, सगळं उपडं करायचं, मातीची भांडी घराबाहेर टाकायची. मलाही हे ठाऊक होतं. आमच्या माहेरीही हेच व्हायचं. पण मी आक्काच्या उशाशी बसलेली, मंदा तिच्या पायाशी. आमच्या दोघींपैकी एकीच्याही मनात तो माठ आला नाही.

आक्काची लेक सुनंदा पुण्याहून निघाली होती. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. चूल बंद. माणूस घरातनं निघेपर्यंत घरच्यांनी पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

ऊन वर आलं तशी माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. पाणी पिऊन भागेना, सारखं उठावं लागे, समोरच्या बायांची तोंडं पुसट दिसत. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. मी न्हाणीकडं गेले. कोपरा मोकळा. पोतं तेवढं पडलेलं. परसात खापऱ्या.

मी कसं विचारणार? बहीण ओसरीवर निजलेली आणि मी विचारायचं, माझ्या औषधाचा डबा कुठं गेला? मी परत येऊन बसले. किती वेळ बसले सांगता येत नाही. मग मंदानंच माझ्याकडं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. ती उठली, गयाकाकूच्या कानाशी लागली.

गयाकाकू लगेच म्हणाली, "तो डबा व्हय? त्यो म्या टाकला नाय. पोरं खेळतील, कुत्रं नेईल म्हणून वर ठिवलाय."

वर म्हणजे न्हाणीच्या पत्र्यावर.

मंदानं स्टुलावर चढून डबा काढला आणि पदरात झेलला, हातात धरवेना. आतला कापूससुद्धा गरम होता. बाटली मी दोन्ही तळहातांमध्ये धरून हळू फिरवली. माझं औषध पांढरट असतं, फिरवलं की दुधासारखं एकसारखं होतं. तसंच झालं. गुठळी नाही, कण नाही. रोजच्यासारखंच.

गयाकाकूनं जवळ येऊन बघितलं. "दूध नासलं की कळतं बाई. ह्ये तर चांगलं हाय."

हीच तर या औषधाची गोची आहे. नासलेलं कधी दिसतं, कधी दिसत नाही. आमच्या डॉक्टरांचं सांगणं आहे, शंका आली की टाका. तरी मी सुई काढली, बाटलीत खुपसली, औषध ओढलंही. मनात म्हटलं, निम्मा गुण उरला असेल तर दुप्पट घेऊ. मग वाटलं, आणि पुरता उरला असेल तर? पोटात अन्नाचा कण नाही. दुप्पट घेतलं तर आक्काच्या शेजारी दुसरी बाज टाकावी लागेल. सुई तशीच हातात धरून बसले.

तेव्हा रशीदाबी आली. भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिच्या आणि आक्काच्या सुना एकाच वर्षी घरात आल्या, दोघींनी मिळून त्यांच्या चहाड्या केल्या, असं आक्काच सांगायची. रशीदाबीचे डोळे सुजलेले. तिनं माझे ओठ बघितले, हातातली सुई बघितली, मंदाकडनं सगळं ऐकलं. मग माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बहन तो गई," ती म्हणाली. "आता तुम्ही बी जाता क्या?"

मी म्हटलं, तिला नेल्यावर जाईन सिल्लोडला.

"आन् तवर?"

मी म्हटलं, कोणी आणून दिलं तर बघा. ती म्हणाली, आणायला आमचे हे जातील, पण ते बाटली काचेपाशी उन्हात ठेवून बिडी ओढत येतील, त्यांचा मला भरवसा नाही. आणि तुम्हाला डॉक्टरनं बघायला पाहिजे. तिचा नवरा करीमभाई मका वाहायची ॲपे रिक्षा चालवायचा. तो दारात उभा होता, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी आक्काकडं बघितलं. आमच्यात सख्खी बहीण मयत सोडून गावाबाहेर जात नाही. बाया माझ्याकडंच बघत होत्या. भास्कर माझ्याजवळ आला. त्याचे डोक्याचे केस उतरवलेले, अंगावर ओलं धोतर. हळूच म्हणाला, "मावशी, जा. सुनंदाला यायला वेळ हाय. तुम्ही येस्तोवर आम्ही हाये इथंच."

सिल्लोड

ॲपेच्या मागच्या बाजूला मक्याचं पोतं पसरून त्याच्यावर आम्ही दोघी बसलो. रिकामा थर्मास, टॉवेल आणि डबा मी बरोबर घेतले होते. वाटेत एकदा उलटी झाली. रशीदाबीनं पाठ चोळली.

डॉक्टर तरुण होते. बोटाला टोचून साखर बघितली आणि मला नंबर सांगितलाच नाही, रशीदाबीला बाजूला घेऊन सांगितला. सलाइन लावलं, तिथल्याच बाटलीतनं सुई दिली. मी सारखी घड्याळाकडं बघत होते. सलाइन संपायच्या आत मी काढा म्हटलं, ते नाही म्हणाले. मग म्हणाले, आता खाल्ल्याशिवाय जायचं नाही, सुई दिली आहे.

मी म्हटलं, मला आज खाता येत नाही.

ते म्हणाले, उपास उद्या करा. त्यांना वाटलं माझा उपासाचा वार आहे.

स्टँडजवळच्या हॉटेलात आतल्या टेबलावर आम्ही बसलो. रशीदाबीनं खिचडी मागवली. माझ्या बहिणीचा देह घरात आणि मी चमचा हातात घेऊन बसले. घास तोंडात नुसता फिरायचा. बाजारचा दिवस होता, आक्काच्या गावाची माणसं रस्त्यानं जात-येत होती. रशीदाबी उठली आणि दाराकडं पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी पसरल्यासारखा धरून. बाहेरनं कोणाला मी दिसू नये म्हणून. मी ताटली संपवेपर्यंत ती तशीच उभी होती. स्वतः तिनं काही खाल्लं नाही. मी म्हटलं, तू तरी खा, तुला कुठं सुतक आहे? ती म्हणाली, "मेरे को नक्को."

औषधाच्या दुकानातनं नवी बाटली घेतली, थंडाच्या दुकानातनं बर्फ. त्याच रीतीनं थर्मास भरला, तळाला बर्फ, वर टॉवेल, वर डबा. उरलेल्या बर्फाची पिशवी रशीदाबीनं माझ्या उजव्या हातात दिली, म्हणाली धरून ठेवा, चक्कर येणार नाही.

परतीची वाट

ऊन कललं होतं. करीमभाई खड्डे न बघता चालवत होता. मी मनात म्हणत होते, सुनंदाची बस उशिरा येऊ दे. बहिणीच्या लेकीबद्दल असं मनात आणावं का? पण आणलं.

आमच्या भागात तिरडी वाटेत एकदा खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात. त्या जागेला विसावा म्हणतात. बाया तिथवर जातात आणि मागं फिरतात. विसाव्यावरनं उचलली की मग खाली ठेवायची ती सरणापाशीच, मधे टेकवायची नाही.

गावाच्या अलीकडं मसणवट्याची वाट फुटते, त्या वळणावर करीमभाईनं रिक्षा थांबवली. त्या वाटेवरनं बाया परत येत होत्या. सुनंदा दोघींच्या खांद्याला टेकून चालत होती. त्यांच्या पलीकडं, रस्त्याच्या उतारावर, तिरडी उचललेली दिसत होती. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून निघाले असणार, त्यात कोणाची चूक नाही.

मी खाली उतरले. रशीदाबीनं एक दंड धरला. आणि समोरनं गयाकाकू आली. मला वाटलं आता चार लोकांत बोलणार, सख्खी बहीण आणि कुठं गेली होतीस. ती माझ्याकडं नीट बघत राहिली. मग तिनं दुसरा दंड धरला आणि म्हणाली, "चल बिगीबिगी. पोरांचे खांदे भरून येत्यात."

कारण ते थांबले होते. पुढं विस्तवाचं मडकं घेतलेला भास्कर मागं वळून उभा होता. तिरडी खाली ठेवता येत नव्हती, म्हणून चौघंही ओझं तसंच खांद्यावर घेऊन उतारावर उभे होते. घामानं त्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. एकजण सारखा पाय बदलत होता. तेवढं अंतर मला फार लांब वाटलं.

मी पोचले तेव्हा माझा हात वर पुरेना. मागच्या दोघांनी गुडघे वाकवले. आक्काचे पाय माझ्या तोंडासमोर आले.

बर्फाची पिशवी मी रिक्षातच टाकली होती, पण तिनं बोटं पार बधिर झालेली. तो हात मी तिच्या पायावर ठेवला. दुपारभर ओसरीवर पायाशी आलेल्या उन्हानं तिचे पाय तापले होते, चांगले गरम लागत होते हाताला. माझाच हात गार होता. डोळे झाकून कोणी नुसते ते दोन स्पर्श केले असते, तर आमच्या दोघींतली कोण गेली ते त्याला सांगता आलं नसतं.

मग पोरांनी गुडघे सरळ केले आणि भास्कर चालू लागला.